पावणेआठ मीटर वायर

“दळी, केळशी हे गाव इंग्रजीत कसं लिहितात?”

डॉ. खानविलकरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत विचारलं. मी स्पेलिंग सांगितलं. के, ई, एल, एस, एच, आय.

“शेवटी आय. नक्की?”

“नक्की, सर.”

“मग हे गाव कुठे आलं?” त्यांनी प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवला. एका नावाभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता. शेवटच्या आयच्या जागी एम छापला होता. केळश्म. खाली आणखी दोन ठिकाणी केळश्म. “मी या जिल्ह्यात जन्मलो. दापोली तालुका पायी फिरलोय. केळश्म मला तरी कुठे लागलं नाही.”

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नंदा पावसकर उभी होती. ती आमच्या यंत्रावर आकडे भरायची. टेंपररी होती. तिने शांतपणे सांगितलं, “सर, मी आयच दाबलं होतं.”

खानविलकरांनी मला विचारलं, “कॉम्प्युटर आपल्या मनाने अक्षर बदलेल?”

मी हसलो. ते हसू आज आठवलं तरी कान गरम होतात. म्हणालो, “सर, कॉम्प्युटरला मन नसतं. आपण जे टाइप करतो, तेच तो ठेवतो. ही टायपिंग मिस्टेक आहे.”

“ठीक आहे,” खानविलकर म्हणाले. “मिस पावसकर, पुढच्या महिन्यापासून आपण दुसऱ्या कोणाला तरी बघू.”

नंदा बाहेर गेली. मी प्रिंटआउटची घडी घालत राहिलो.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी एका कॉम्प्युटर कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर होतो. कंपनी मुंबईत, मी रत्नागिरीत. वय पंचवीस. अख्ख्या जिल्ह्यात आमच्या कंपनीची तीन यंत्रं होती आणि तिन्हींचा वैद्य मीच. एस.टी. स्टँडवरचा कंट्रोलरसुद्धा मला ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणायचा. एवढा मान मिळाल्यावर माणूस मॅन्युअल कशाला वाचेल?

खानविलकरांचं केंद्र रत्नागिरीच्या बाहेर होतं. एका खासगी ट्रस्टचं बियाणं केंद्र. समुद्राचं पाणी शिरून खारवट झालेल्या जमिनीत कुठला भात टिकतो, ते शोधायचं हे त्यांचं काम. केळशी, मुरुड अशा किनाऱ्यावरच्या गावांतून जुनी बियाणी आणायची, छोट्या छोट्या वाफ्यांत लावायची आणि दरवर्षी प्रत्येक वाफ्याचा भात तोलायचा. नऊ वर्षांचे आकडे वह्यांत होते. ते सगळे कॉम्प्युटरमध्ये भरून, त्यातून सगळ्यांत चांगलं बियाणं निवडायचं होतं. निवडलेलं बियाणं पेरणीच्या आधी गावोगाव जाणार होतं. लोक आपल्या घरचं बी बाजूला ठेवून हे पेरणार होते. मे महिना लागला होता.

आता माझी करामत सांगतो.

कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासोबत तीन पेट्या आल्या. दोन डिस्कच्या, म्हणजे आकडे साठवायच्या. तिसरी टेपची, त्याच आकड्यांची नक्कल काढायची. या तिन्ही एकाच वायरीवर जोडायच्या असतात. कॉम्प्युटरमधून निघालेली वायर पहिल्या पेटीत जाते, तिथून दुसरीत, तिथून तिसरीत. या पद्धतीला स्कझी म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, एका दोरीवर वाळत घातलेले कपडे समजा. वायर पट्टीसारखी चपटी, आत पन्नास तारा.

उद्घाटनाला ट्रस्टी येणार होते. मला वाटलं, कॉम्प्युटर दारासमोर असावा, आल्या आल्या दिसावा. पेट्या मात्र कुरूप होत्या आणि त्यांचे पंखे घोंगावत होते. हॉलच्या दुसऱ्या टोकाला काचेचं कपाट होतं. मी तिन्ही पेट्या त्यात एकावर एक रचल्या. पेटीपेटींमध्ये वीतभरसुद्धा नाहीत असे वायरीचे तुकडे लावले, गुंता दिसू नये म्हणून. कॉम्प्युटरपासून कपाटापर्यंत कंपनीची वायर पुरेना. मग मी स्वतः लांब वायर तयार केली. भिंतीच्या कडेने, क्लिपा मारून अशी नेली, जणू शिंप्याने काठ शिवला. ट्रस्टींपैकी एकांनी विचारलं, “वायरी कुठे आहेत?” मी म्हणालो, “तीच तर गंमत आहे.” त्यांनी माझी पाठ थोपटली.

दुसऱ्याच दिवसापासून स्क्रीनवर मेसेज येऊ लागला. पॅरिटी एरर. दिवसातून तीन-चार वेळा.

पॅरिटी म्हणजे काय, ते सांगतो, कारण माझी खरी अक्कल इथेच दिसते. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षर आठ तारांवरून जातं. कुठल्या तारेवर वीज आहे, कुठल्या नाही, त्यावरून अक्षर ठरतं. नववी तार साक्षीदाराची. आठांपैकी वीज असलेल्या तारा सम आहेत की विषम, एवढंच ती सांगते. पलीकडचं यंत्र मोजून बघतं. हिशोब जुळला नाही तर ओरडतं, की वाटेत काहीतरी बदललं.

यंत्र ओरडत होतं. मी काय केलं? प्रत्येक पेटीत सर्किटवर मुगाएवढी प्लास्टिकची टोपी असते. ती काढली की साक्ष तपासणं बंद होतं. जुन्या टेपच्या पेट्यांना पॅरिटी जमत नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. ते मला सोयीचं वाटलं. सगळ्या टोप्या काढल्या, कॉम्प्युटरची तपासणीही बंद केली. मेसेज थांबले. सर्व्हिस रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड’. खाली झोकदार सही केली.

केळश्मचा प्रकार झाल्यावर चार दिवसांनी शेवटचा रिपोर्ट निघाला. खानविलकरांनी केंद्रातल्या सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. शेतावरचे मुकादम शिवराम गोताड पुढच्या बाकावर बसले होते. वय पंचावन्नच्या आसपास, काळाकभिन्न रापलेला माणूस. पहिल्या वर्षापासून प्रत्येक वाफा त्यांच्या देखरेखीखाली लावलेला. सगळे त्यांना शिवरामदादा म्हणत.

खानविलकरांनी वाचलं, “पहिला नंबर, मुरुड-चार.” म्हणजे मुरुडहून आणलेलं चौथं बियाणं.

शिवरामदादा मोठ्याने हसले.

“काय झालं, शिवराम?”

“काय नाय सायेब. मुरुड-चार पयला आला?”

“हो. बांध फुटून खारं पाणी आलं, त्या वर्षी सुद्धा एका वाफ्यात पाच किलो दोनशे ग्रॅम. बाकी सगळे दीड-दोनवर अडकले.”

“त्या सालात मुरुड-चार झोपलावता, सायेब. सगला आडवा. लोंब्या हातात घेतल्या, तर निस्त्या पोचट. मी सोता तोलला.”

मी मागून बोललो. कोणी विचारलं नव्हतं. “दादा, इतक्या वर्षांपूर्वीचं कोणाला आठवणार? कॉम्प्युटरकडे सगळं लिहिलेलं असतं. तो विसरत नाही.”

शिवरामदादा वळून माझ्याकडे बघत म्हणाले, “यंत्राचं मना ठावं नाय. पन त्या भाताची पेंढी मी उचललीय. यंत्रानं उचलली काय?”

शेडमध्ये सगळे हसले. खानविलकर हसले नाहीत. त्यांनी वही मागवली. नंदा कपाटातून ती घेऊन आली, पान काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. वहीत आकडा होता एक किलो दोनशे. कॉम्प्युटरमध्ये पाच किलो दोनशे.

खानविलकरांनी आधी नंदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी लगेच म्हणालो, “टाइप करताना चुकलं असेल.” वाक्य तयारच होतं माझं.

तेव्हा नंदा पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलली.

“दळीसाहेब, एक आणि पाच ही बटणं शेजारी आहेत का?”

“नाहीत.”

“आय वरच्या ओळीत आहे, एम खालच्या. माणूस चुकतो तर शेजारचं बटण दाबतो. माझं बोट दर वेळी एवढ्या लांब कसं घसरेल?”

खानविलकर म्हणाले, “दळी, तुम्ही दोघं बसा. वही आणि कॉम्प्युटर ताडून बघा. मला संध्याकाळपर्यंत सांगा. शिवराम, तू पण थांब.”

आम्ही बसलो. शिवरामदादा वहीतले आकडे वाचत, मी स्क्रीनवर बघत, नंदा चुकांची यादी करत. बहुतेक आकडे बरोबर होते. शे-दोनशे आकड्यांनंतर एखादा चुकीचा. त्यामुळेच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुपारपर्यंत नंदाचं एक पान भरलं. तिने ते माझ्यापुढे ठेवलं.

“बघा. एकाचे पाच झालेत. दोनाचे सहा, तीनाचे सात. शून्याचा चार. उलटं एकदाही नाही. पाचाचा एक कुठेच झालेला नाही.”

मी बघितलं. मग तीच म्हणाली, “सगळीकडे चारच वाढलेत. आणि आयनंतर मोजा. जे, के, एल, एम. चौथं एम.”

मी यादी पुन्हा वरून खाली तपासली.

आठ तारांपैकी प्रत्येक तारेची किंमत ठरलेली असते. एक, दोन, चार, आठ, अशी दुप्पट होत जाणारी. प्रत्येक चूक नेमकी चारचीच असेल, तर चूक बोटाची नाही. चारच्या तारेवर कधीमधी नसलेली वीज उगवत होती. यादीत एका ठिकाणी नऊच्या जागी बरोबरचं (=) चिन्ह होतं. मी पाकिटातून अक्षरांच्या नंबरांचा तक्ता काढला. नऊनंतर चौथं काय? बरोबरचं चिन्ह.

नंदाने विचारलं, “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “मुंबईला फोन लावतो.”

ट्रंक कॉल दीड तासाने लागला. पलीकडे माझे साहेब, पाठारे. हा माणूस कधी चिडत नसे. त्याची भीती जास्त वाटायची.

“वायर किती लांब आहे?” त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

“पाच मीटर वीस, साहेब. लिमिट सहाची आहे. आपण आत आहोत.”

“आतली धरून?”

“आतली कुठली?”

फोनवर खरखर ऐकू आली. मग ते म्हणाले, “दळी, प्रत्येक पेटीच्या आत वायर असते. कॉम्प्युटरच्या आतही असते. ती कोण मोजणार?”

मी पुढ्यातल्या कागदावर ‘आतली’ असं लिहून घेतलं.

“पेट्यांमध्ये अंतर किती ठेवलंय?”

“एकावर एक आहेत. छोटे तुकडे लावलेत. छान दिसतं, साहेब.”

“छान दिसतं,” ते म्हणाले. “पॅरिटी एरर आले नाहीत?”

“आले होते.”

“मग?”

“पॅरिटी बंद केली.”

कॉल तुटला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

“मॅन्युअलमध्ये मागे परिशिष्ट आहे,” पाठारे म्हणाले. “ते वाच. मग मला फोन करायची गरज पडणार नाही.”

मॅन्युअल सापडलं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली. मीच ठेवलं होतं. परिशिष्टात स्पष्ट लिहिलं होतं, की एकूण वायर सहा मीटरपेक्षा जास्त नको, पेट्यांच्या आतली धरून. दोन पेट्यांच्या जोडणीत निदान फूटभर वायर हवी. कारणही दिलं होतं. विजेचा इशारा वायरीतून धावतो, तसा प्रत्येक पेटीच्या जोडापाशी थोडासा मागे उसळतो. आडात हाक मारली की आवाज परत येतो, तसं. जोड फार जवळ असले की हे सगळे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. वायर फार लांब असली की मूळ हाकच क्षीण होते. मग पलीकडच्या यंत्राला नसलेलंच ऐकू येतं.

मला वायर मोजायची होती. माझ्याकडे होती फूटपट्टी. शिवरामदादांनी वाफे आखायची लांब टेप आणली आणि एक टोक धरून उभे राहिले. मी पेट्या उघडून आतल्या वायरीसुद्धा मोजल्या. नंदाने बेरीज केली. बाहेरची पाच मीटर वीस. कॉम्प्युटरच्या आतली नव्वद सेंटिमीटर. तीन पेट्यांत प्रत्येकी पंचावन्न.

“सात मीटर पंचाहत्तर,” ती म्हणाली.

“म्हंजे पावणेआठ,” शिवरामदादा म्हणाले. “नि पायजे किती?”

“सहाच्या आत.”

“मग एवडी लांब कशाला घातलाव?”

“कपाटात चांगलं दिसावं म्हणून.”

शिवरामदादा टेप गुंडाळू लागले. गुंडाळता गुंडाळता खांदे हलत होते, त्यावरून कळलं की हसतायत.

खानविलकरांच्या खोलीत जायच्या आधी मी दोनदा पाणी प्यायलो. डोक्यात सबबी रचून झाल्या होत्या. व्होल्टेज, खारी हवा, उंदीर. रत्नागिरीत हे तिन्ही भरपूर. पण यादी नंदाच्या हातात होती आणि ती माझ्या मागे उभी होती. सबब सांगून बाहेर पडलो असतो, तर तिची नोकरी गेली असती. म्हणून सगळं सांगितलं. कपाट, वायर, पॅरिटी, टोप्या. प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर होते, म्हणून यंत्र बंद पडलं नव्हतं, हेही सांगितलं. पडलं असतं तर बरं झालं असतं.

खानविलकरांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे यंत्र सांगत होतं, की काहीतरी चुकतंय?”

“हो, सर.”

“आणि तुम्ही त्याचं तोंड बांधलंत.”

“हो, सर.”

“टेपवर नक्कल आहे ना?”

“आहे. पण तीही त्याच वायरीवरून गेलीय. तिच्यावर विसंबता येणार नाही.”

त्यांनी चष्मा काढला. टेबलावर बियाणं वाटपाची गावांची यादी पडली होती. ती उचलून ते म्हणाले, “मुरुड-चार बांधाखालच्या खाचरांत गेला असता. खारं पाणी आलं असतं, की वर्ष फुकट. आणि बियाणं आमचं म्हणून लोकांनी पुढच्या वर्षी आम्हाला दारात उभं केलं नसतं.” मग म्हणाले, “पावसकर बरोबर होत्या तर.”

“हो, सर.”

“मला काय सांगताय? त्यांना सांगा.”

मी वळलो. “मिस पावसकर, चूक माझी होती. मी न तपासता तुमच्यावर ढकलली. सॉरी.”

नंदा म्हणाली, “चार दिवसांपूर्वी घरी सांगितलंय, नोकरी गेली म्हणून. बाबांनी बोटीवरच्या लोकांना पण सांगितलं. आता परत कोण सांगणार, की गेली नाही?”

“मी येऊन सांगतो,” मी म्हणालो.

आणि गेलो. रविवारी मिरकरवाड्याच्या बाजूला तिचं घर शोधत. तिचे वडील अंगणात जाळं विणत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते मान खाली घालून गाठी मारत राहिले. शेवटी म्हणाले, “म्हणजे दोरी मापाबाहेर गेली.” मी म्हणालो, हो. “मग तसं सांगा ना. एवढं इंग्लिश कशाला?” त्यांनी मला बसायला सांगितलं. चहा झाला, सुरमई जेवून जा म्हणाले. लाज वाटत होती, तरी जेवलो. सुरमई उत्तम होती.

दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. पेट्या कपाटातून काढल्या. कॉम्प्युटरच्या शेजारी दोन साधी टेबलं लावून एका रांगेत मांडल्या. दोन पेट्यांमध्ये फूटभराहून जरा जास्त वायर. माझी भिंतीवरची कलाकुसर उपटली, भिंतीला क्लिपांची भोकं राहिली. कंपनीचीच वायर वापरली. एकूण साडेचार मीटर भरली, आतली धरून. पॅरिटीच्या टोप्या परत बसवल्या. दोन दिवस नुसतं यंत्राकडे बघत बसलो. एकही मेसेज आला नाही. हॉल आता भंगाराच्या दुकानासारखा दिसत होता.

खरं काम त्यापुढे होतं. नऊ वर्षांचे आकडे पुन्हा भरायचे. खानविलकरांनी मला सरळ सांगितलं, “तुम्ही वाचायचं, पावसकर टाइप करणार.” अकरा दिवस मी सकाळी नऊपासून वह्या वाचत होतो. घसा बसला. मध्येच मी आकडा चुकून वाचला, की नंदा हात थांबवून म्हणायची, “परत वाचा.” एका वहीत शिवरामदादांचं अक्षर मला लागेना. ते स्वतः येऊन वाचून गेले. जाताना नंदाला म्हणाले, “बाय, ह्यांचं ऐकून भरू नको हां. वहीत पन बघ.”

नवा रिपोर्ट निघाला. केळशी-दोन पहिला आला, मुरुड-चार तळाला. या वेळी खानविलकरांनी रिपोर्ट शेडमध्ये वाचायच्या आधी शिवरामदादांना दाखवला. त्यांनी बोटाने ओळी मोजत वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, “आता कसा बेस.” पेरणीला आठ दिवस उरले असताना पोती टेंपोत चढली.

नंदा टेंपररीची कायम झाली. पण माझ्या उपकारांनी नव्हे, खानविलकरांनी ट्रस्टला लिहिलं म्हणून. त्या पत्रात माझाही उल्लेख होता. पाठारे साहेबांनी मला तो परिच्छेद वाचून दाखवला, दोनदा. पुढे ती त्या केंद्राचा सगळा कॉम्प्युटर विभाग सांभाळत होती. नवीन इंजिनिअर आला, की म्हणे आधी वायरीची लांबी विचारायची, चहाचं नंतर.

पुढची पंचवीस वर्षं मी याच धंद्यात काढली. वायरी बारीक झाल्या, नियम बदलले, पेट्या खिशात मावू लागल्या. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी दोनच गोष्टी शिकवल्या. वायर मोजताना पेटीच्या आतलीही मोजायची. आणि यंत्र तक्रार करायला लागलं, तर तक्रार बंद करायची नाही. कारण तक्रार बंद झाली तरी चूक चालूच राहते, फक्त आळ दुसऱ्या कोणावर जातो.